वेताळाचे न झिजणारे बूट : एका चित्रकथामालिकेचे मराठी वाचन

चित्रकथामालिकांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे ते बहुतांशी आठवणींच्या स्वरूपाचे आहे. उन्हाळ्याची सुट्टी, पाठ्यपुस्तकात दडवलेला अंक, वडिलांचा ओरडा आणि हरपलेले बालपण एवढ्या सामग्रीवर असा लेख उभा राहतो. याच्या उलट टोकाला, परदेशी चित्रकथा म्हणजे सांस्कृतिक साम्राज्यवादाचे वाहन, असे एका वाक्यात सांगून विषय निकालात काढणारी भूमिका आहे. पहिल्या प्रकारच्या लेखनात संहिता नसते. दुसऱ्या प्रकारच्या लेखनात वाचक नसतो. ज्याने एखादी मालिका वीस-बावीस वर्षे नेमाने वाचली, तिचे अंक जमवले, त्यांवरून मित्रांशी भांडणे केली, त्याला या दोहोंत आपले वाचन कोठेच सापडत नाही. प्रस्तुत लेखक असा चाहता आहे. चाहत्याने समीक्षा करू नये, त्याला अंतर राखता येत नाही, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु थोडीथोडी उलगडत जाणारी आणि कधीच पूर्ण न होणारी संहिता वाचायला जी चिकाटी लागते ती चाहत्याजवळच असते. त्याने आपल्या आवडीचा हिशेब द्यावा, इतकीच अपेक्षा रास्त म्हणता येईल.

मालिका ‘इंद्रजाल कॉमिक्स’ची. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च 1964 मध्ये मुंबईहून ती सुरू केली आणि 1990 मध्ये ती बंद पडली. या अवधीत आठशेच्या वर अंक निघाले. आरंभी मासिक, मग पाक्षिक आणि अखेरच्या दशकात साप्ताहिक असा तिचा वेग वाढत गेला. इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा अनेक भाषांतून तिच्या आवृत्त्या निघत. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा ‘फँटम’ हा तिचा मुख्य नायक. पहिल्या बत्तीस अंकांत त्याच्याखेरीज दुसरा कोणी नव्हता. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन इत्यादी मंडळी आली. (मँड्रेकचा अंक हाती पडला की आमचा हिरमोड होई. हातवारे करून संकटातून सुटणाऱ्या माणसाविषयी आम्हांला आदर वाटत नसे.) हा ‘फँटम’ मराठीत ‘महाबली वेताळ’ झाला.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथाबीज थोडक्यात सांगितले पाहिजे. 1536 साली चाच्यांनी एक जहाज लुटून जाळले. त्यातून वाचलेला एकुलता एक गोरा तरुण एका अनोळखी किनाऱ्याला लागला. बांडार नावाच्या बुटक्या वन्य लोकांनी त्याला जगवले. आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी आजन्म लढण्याची शपथ घेतली. आपल्यामागे आपल्या वंशजांनी ती पाळावी असा नेम घातला. तेव्हापासून पित्यामागून पुत्र तोच मुखवटा, तोच अंगालगतचा पोशाख आणि तीच कवटीची अंगठी धारण करतो. जंगलातले लोक समजतात की हा एकच पुरुष आहे, चारशे वर्षे जिवंत आहे, त्याला मरण नाही. खरी गोष्ट फक्त बांडारांना ठाऊक असते, आणि वाचकाला. आपण ज्याच्या कथा वाचतो तो एकविसावा. 17 फेब्रुवारी 1936 रोजी तो अमेरिकी वृत्तपत्रांत अवतरला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी. त्याच्याजवळ अतिमानवी शक्ती कोणतीच नाही. त्याचे सारे सामर्थ्य त्याच्याविषयीच्या समजुतीत साठवलेले आहे.

मराठी आवृत्तीने या नायकाला जे नाव दिले त्यापाशी थोडे थांबले पाहिजे. हिंदीतही तो ‘वेताल’च होता, तेव्हा शब्दाची निवड मराठी अनुवादकाची स्वतंत्र सूझ होती असे म्हणण्याचे कारण नाही. पण एका अक्षराने फार मोठा फरक पडला. हिंदीतला ‘ल’चा वेताल हा मुख्यतः ग्रंथातला आहे: विक्रमाच्या पाठुंगळी बसून कोडी घालणारा, पंचवीस कथांचा निवेदक. मराठीतला ‘ळ’चा वेताळ ग्रंथाइतकाच गावच्या शिवेवर राहतो. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. गोव्यात तो बेताळ आहे. दक्षिण कोकणात तर तो भुतांचा अधिपती असूनही गावाचा राखणदार आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. वेतोबा रात्री वहाणा घालून गावाभोवती फिरतो, राखण करतो आणि त्या फिरण्याने वहाणा झिजतात, अशी तेथील श्रद्धा आहे. वाहिलेल्या जोडांचे झिजलेले तळ हाच त्याच्या पहाऱ्याचा पुरावा.

फॉकच्या नायकाचे इंग्रजीतले बिरुद ‘चालणारे भूत’ अशा अर्थाचे आहे. अमेरिकेतल्या वाचकाला त्यातील चमत्कृती जाणवत असेल. भुते तरंगतात, चालत नाहीत. मराठी वाचकाला त्यात चमत्कारिक काहीच नव्हते. त्याच्या गावचे भूत चालतच असे, आणि त्यासाठी दरवर्षी चांभाराकडे माप जात असे.

येथे एक खासगी प्रसंग नोंदवितो, कारण या लेखातील मुख्य संकल्पना मला त्यातूनच मिळाली आहे. 1960 नंतरच्या दशकात आमचे कुटुंब घाटकोपरला पंतनगरात राहत असे. आजी मूळची शिरोड्याच्या बाजूची. मी आणलेल्या एका अंकाचे मुखपृष्ठ तिने हातात घेऊन बराच वेळ पाहिले. वर ठळक अक्षरांत ‘वेताळ’ लिहिले होते तेवढे तिने जुळवून वाचले आणि म्हणाली, “ह्यो खयचो वेतोबा? ह्येचे बूट तर नवेकोरेच दिसतत.” आम्ही भावंडे पोट धरधरून हसलो. तिच्या मते जो झिजत नाही तो राखण करीत नसतो. माझ्या लेखी तो केवळ अडाणीपणा होता, आणि हे मत पुढे कितीतरी वर्षे मी तपासून पाहिले नाही.

ते तपासावे लागले ते उंबेर्तो एको यांचा सुपरमॅनच्या मिथकावरील निबंध वाचला तेव्हा. 1962 चा हा निबंध 1964 मध्ये, म्हणजे ‘इंद्रजाल’ सुरू झाले त्याच वर्षी, एकोंच्या इटालियन ग्रंथात समाविष्ट झाला आणि 1972 मध्ये इंग्रजीत आला. एकोंचे प्रतिपादन असे आहे : प्राचीन मिथकातील नायकाची कथा घडून गेलेली असते, ती सर्वांना ठाऊक असते, कादंबरीच्या नायकाचे मात्र पुढे काय होणार हे वाचकाला कळलेले नसते. चित्रकथेतील अतिमानवाला एकाच वेळी दोन्ही व्हावे लागते. त्याने मिथकासारखे अचल राहिले पाहिजे, आणि दर आठवड्याला त्याच्या बाबतीत काही नवे घडलेही पाहिजे. पण जे घडते त्याने माणूस संपत जातो. प्रत्येक कृती त्याला मरणाकडे एक पाऊल नेते. म्हणून सुपरमॅनच्या कथांत काळच मोडून टाकलेला असतो. मागच्या गोष्टीत काय झाले ते पुढच्या गोष्टीला आठवत नाही. नायकाने लग्न केले तर ते परत न फिरवता येणारे पाऊल ठरेल, म्हणून तो लग्न करीत नाही. एको ज्याला नायकाचे ‘खर्ची पडणे’ म्हणतात त्यासाठी मराठीत माझ्या मते नेमका शब्द ‘झीज’ हा आहे. अतिमानव झिजत नाही. त्याचे बूट नवेकोरे असतात.

आजीचे वाक्य आणि एकोंचा सिद्धान्त यांत एक महत्त्वाचा भेद आहे. एकोंच्या दृष्टीने झीज ही मिथकाची शत्रू आहे. झीज झाली की मिथक उरत नाही. आरवलीच्या श्रद्धेत झीज ही मिथकाचा आधार आहे. देव झिजत नाही, पण त्याच्या वहाणा झिजतात. आणि त्या नव्याने पुरविण्याची जबाबदारी भक्तावर असते. अचलता आणि काळ यांची सांगड येथे विस्मरणाने घातलेली नाही. ती देवघेवीने घातलेली आहे. मालिकेच्या मीमांसेला या दुसऱ्या प्रतिमानाचा अधिक उपयोग होईल असे मला वाटते. विशेषतः फॉकच्या मालिकेला. कारण फॉकने एकोंच्या पेचातून एक तिसरीच वाट काढली होती.

ती वाट गादीची. सुपरमॅन एक व्यक्ती आहे. वेताळ हे एक पद आहे. व्यक्ती मर्त्य, पद अमर. मठाधिपती, संस्थानिक, गायकीचे घराणे या सर्वांतून मराठी वाचकाला ही रचना इतकी परिचित होती की तिचे स्पष्टीकरण आम्हांला कोणी दिले नाही आणि लागलेही नाही. आमच्या वाड्यातल्या एका मुलाने ‘एकविसावा वेताळ म्हणजे एकविसावे महाराज’ असे सांगितले आणि प्रश्न मिटला. या रचनेमुळे फॉकला इतिहासाचे भांडारच उघडे झाले. कवटीच्या गुहेत प्रत्येक पिढीने लिहिलेल्या बखरींची दप्तरे रचून ठेवलेली आहेत. तेराव्याची, सातव्याची, कुणाचीही कथा त्यांतून काढता येते. मागचे वीस जण जखमी होतात, प्रेमात पडतात, चुकतात आणि मरतात. एकविसाव्याला मात्र फारसे काही होत नाही. सारी झीज भूतकाळात ढकललेली आहे. ही युक्ती चतुर आहे, पण ती युक्तीच आहे. मृत्यू कबूल केल्यासारखा दाखवायचा आणि वाचकासमोर असलेल्या माणसापुरता तो लांबणीवर टाकत राहायचा.

आता मालिकेच्या राजकारणाकडे वळू. फॉकच्या आरंभीच्या कथांचा भूगोल आशिया आणि आफ्रिका यांच्यामध्ये कोठेतरी घोटाळत होता. त्या देशाचे नाव ‘बंगाल’ची आठवण करून देणारे होते, चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ होते, आणि एका वेताळाच्या मारेकऱ्याचे नाव चक्क ‘रामा’ होते. भारतीय आवृत्तीत ही नावे बदलण्यात आली. देश ‘डेंकाली’ झाला, चाचे ‘सिंगा’ झाले, ‘रामा’चा ‘रामालू’ झाला. संपादकांचा हेतू सरळ होता : कोणाच्या भावना दुखावू नयेत. परिणाम मात्र सरळ नव्हता. मूळ संहितेत ज्या काळ्यासावळ्या जगावर हा गोरा पुरुष अधिकार गाजवतो त्यात आपणही होतो. नावे बदलल्याने आपण त्यातून अलगद बाहेर पडलो. डेंकाली म्हणजे दुसरे कोणीतरी, आफ्रिकेतले, जंगलातले. त्यांच्या भाबडेपणाला हसायला आम्ही मोकळे झालो.

म्हणजे अनुवादात एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांच्या क्रिया घडल्या. नायकाचे नाव आत ओढले गेले; त्याच्या प्रजेचे नाव बाहेर लोटले गेले. गोरा फँटम आमच्या शिवेवरचा वेताळ झाला आणि त्याची प्रजा, जिच्याशी आमचे नाते असायला हवे होते, ती परकी झाली. या मालिकेचा वसाहतवादी आशय मराठी वाचकाच्या गळी उतरला तो मूळ कथेपेक्षा या दुहेरी नामांतरामुळे, असे माझे मत आहे. डॉर्फमन आणि मातेलार या चिलीतील समीक्षकद्वयाने 1971 मध्ये डोनाल्ड डकच्या कथांची जी झडती घेतली ती मौलिक आहे. परंतु त्यांनी गृहीत धरले की संहितेत जे भरलेले असते तेच वाचकात उतरते. मधल्या टेबलावर कात्री आणि शाईची दौत घेऊन बसलेल्या माणसाचा विचार त्यांच्या पद्धतीत बसत नाही.

बांडारांच्या बाबतीत तर ही गुंतागुंत आणखी वाढते. हे नाव इंग्रजी अंकांत तसेच राहिले. त्यातून हिंदीभाषकाच्या कानाला माकडाचा भास होणे शक्य होते, आणि फॉकने किपलिंगच्या जंगलकथांचे ऋण मान्य केले होते हे ध्यानात घेता तो भास निराधार नव्हता. मराठीत ‘बंदर’ म्हणजे गलबतांचा थांबा. घाटकोपरच्या मुलाला चित्रपटांमुळे हिंदी येत होते, तरी मराठी वाचताना तो अर्थ मनात जागा होत नसे. भाषा कधी कधी अशी अपमानावर पांघरूण घालते, आणि त्याबद्दल तिचे आभार मानावेत की तिला दोष द्यावा हे ठरविणे अवघड आहे.

पण बांडारांचे कथेतील स्थान नीट पाहिले तर त्यात आमचेच स्थान दिसते. वेताळ मर्त्य आहे हे जंगलात फक्त त्यांना माहीत आहे. वाचकालाही ते माहीत आहे. या मालिकेचा सर्वांत मोठा आनंद गुपितात सामील असण्याचा होता. चाचे, तस्कर, पोलीस, दूरच्या टोळ्या, सर्वांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे. मी बराच काळ असे समजत होतो की हा आनंद राज्यकर्त्याचा आहे. तो तसा नाही. आम्ही गादीवर नव्हतो. आम्ही गुरानच्या शेजारी, गादीच्या पायरीशी उभे होतो. गुरान बांडारांचा प्रमुख, वेताळाचा बालमित्र. त्याच्या पूर्वजांनी पहिल्या वेताळाला जगवले. स्थानिक लोकांच्या ज्या देवमूर्तीवरून त्या गोऱ्या तरुणाने आपला वेष बेतला ती मूर्तीही त्याला याच जंगलात दिसली. म्हणजे देवाचे रूप घेणे ही गोष्ट मूळ कथेतच आहे. मराठी अनुवादाने तिची पुनरावृत्ती केली एवढेच. एकवीस पिढ्यांत गुपित ज्यांनी सांभाळले त्यांच्याकडे गादी एकदाही गेली नाही. हा प्रश्न कथेत कोणीही विचारीत नाही. आम्हीही विचारला नाही. आणि त्याच वेळी, ज्या भाबड्या लोकांना हसण्यात आम्ही सामील झालो होतो त्यांच्यासारखीच श्रद्धा असलेली एक म्हातारी आमच्या घरात होती, आणि आम्ही तिलाही हसत होतो. आरवलीच्या वेतोबाला वहाणा वाहणाऱ्या घरातल्या मुलाने वेताळाच्या अमरत्वाचे गुपित कळल्याचा अभिमान बाळगावा, यात काय गमावले जाते याचा हिशेब त्या वयात होत नाही.

मालिका हाती कशी येत होती हेही सांगितले पाहिजे, कारण मालिकेचे वाचन तिच्या वाटपापासून वेगळे करता येत नाही. अंक निघत तो छापखाना बोरीबंदरला, व्ही.टी. स्थानकासमोर, आणि आम्ही उपनगरांत. स्थानकावरच्या व्हीलरच्या स्टॉलवर नवा अंक टांगलेला दिसे, पण नवा विकत घेणे क्वचित जमे. बाकी सारे वाचन भाड्याने अंक देणाऱ्या वाचनालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून. मुलुंडच्या रद्दीवाल्याकडे जे मिळे ते अंधेरीला मिळत नसे. बोरिवलीला राहणाऱ्या मावसभावाजवळ जे दोन-दोन होते त्यांतले एक माझ्याजवळ येई. क्रमाने वाचणे ही चैन आम्हांला माहीतच नव्हती. विवाहानंतरची कथा आधी, विवाह नंतर. डेंकालीत लोकनियुक्त अध्यक्ष लुआगा राज्य करीत आहे असा एक अंक, आणि लगेच हाती आलेल्या दुसऱ्या अंकात सरकार नावाची वस्तूच नाही. याचे कारण केवळ आमची गरिबी नव्हते. ‘इंद्रजाल’ने स्वतःच वेगवेगळ्या दशकांतील कथा एकमेकींत मिसळून छापल्या. वृत्तपत्रांतील रोजच्या पट्ट्या कापून, चौकटी गाळून, पानांत बसवून अंक तयार होत. त्यामुळे आदल्या दिवसाची उजळणी करणारी एखादी चौकट मध्येच शिल्लक राही आणि पात्रे नुकतेच बोललेले पुन्हा बोलत.

मी अंकांच्या क्रमांकांची एक वही ठेवली होती. जो मिळाला त्यावर खूण. त्यात 123 आणि 124 ही दोन घरे शेवटपर्यंत रिकामी राहिली. घाटकोपरपासून कल्याणपर्यंत आणि अंधेरीपासून विरारपर्यंत मी ते अंक शोधले. ते कोणाजवळच नव्हते. पुष्कळ वर्षांनी कळले की संपामुळे ते दोन अंक निघालेच नव्हते. दरम्यान त्या दोन अंकांत काय असेल याविषयी आमच्या गटात निदान तीन परस्परविरोधी कथा रूढ झाल्या होत्या. वाचक संहितेतील रिकाम्या जागा भरतो हे ग्रहणसिद्धान्ताचे प्रतिपादन आता आपल्या विद्यापीठांत पाठ होऊन गेले आहे. परंतु तेथे रिकामी जागा लेखकाने योजलेली असते असे बहुधा मानले जाते. मालिकेच्या वाचकाला भेटणाऱ्या रिकाम्या जागा संपाने, रद्दीवाल्याने, संपादकाच्या कात्रीने आणि उधार नेऊन परत न करणाऱ्या मित्राने निर्माण केलेल्या असतात. त्या भरण्याचे काम मात्र तेच. मराठी ‘इंद्रजाल’ची एकात्मता अंकांत नव्हती. ती आमच्या वह्यांत होती.

चित्रांविषयी थोडे. विल्सन मॅकॉय 1961 मध्ये वारला, त्याच्यामागून साय बॅरीने 1994 पर्यंत वेताळ काढला. ‘इंद्रजाल’मध्ये दोघेही वाचायला मिळत. बहुतेक चाहते बॅरीचे. त्याची शरीररचना बिनचूक, सावल्या दाट, जंगल ओलसर. मला मॅकॉय अधिक आवडतो हे मी तेव्हा उघडपणे सांगत नसे. त्याच्या आकृती ताठर, चेहरे सपाट, झाडे पाटीवर खडूने काढल्यासारखी. पण गोष्ट सांगणाऱ्या चित्राला जो निरागस निःसंकोचपणा लागतो तो त्याच्याजवळ होता. चित्रकथी परंपरेतील चित्रांशी त्याचे काही नाते आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरतो, कारण ते नाते माझ्या डोळ्यांत आहे, त्याच्या कुंचल्यात नाही. ‘इंद्रजाल’च्या आरंभीच्या अंकांची रंगवलेली मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया यांची. आतील काटकसरी रेषा आणि बाहेरील तो ऐसपैस रंग यांतील विसंगती आम्हांला कधी खटकली नाही.

1977 मध्ये फॉकने वेताळाचे डायना पामरशी लग्न लावले आणि पुढे त्यांना जुळे झाले. एकोंच्या सिद्धान्तानुसार हा आत्मघात होता. मालिका मेली नाही. पण काही बिघडले खरे. डायना ही आरंभी धाडसी, पाण्यात सूर मारणारी, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी स्त्री होती. लग्नानंतरच्या कथांत तिला गुहेत वाट पाहण्यावाचून फारसे काम उरले नाही. फॉकने काळाला मालिकेत प्रवेश दिला तो दारापर्यंतच. मुलगा झाला म्हणजे बाविसावा आला; बाविसावा आला म्हणजे एकविसाव्याला जावे लागणार. ते धैर्य त्याने केले नाही. 1999 मध्ये फॉक वारला तेव्हाही एकविसावाच गादीवर होता.

झिजणारा नायक निर्माण करण्याचा एक प्रयत्न ‘इंद्रजाल’नेच केला, आणि मराठी समीक्षेने त्याची दखल घ्यायला हवी होती. डिसेंबर 1976 मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादुर’ अवतरला. चित्रे गोविंद ब्राह्मणियांची. दरोडेखोराचा मुलगा, वडिलांना मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच वाढवलेला. मुखवटा नाही. अंगात भगवा कुडता, खाली जीन्स. पुढे हा पेहरावही बदलत गेला. तो जयगढ गावी नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो आणि चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांशी लढतो. बापाची गादी नाकारण्यातून त्याचा जन्म आहे, म्हणजे वेताळाच्या नेमके उलट. मुखवट्याऐवजी गावकऱ्यांचे संघटन हे त्याचे बळ आहे, ही कल्पना मोलाची होती. पण ती आणीबाणीच्या काळात आली हे विसरता येत नाही. नागरिकाने पोलिसांचा हात व्हावे, हा आदर्श त्या वर्षी अगदी निष्पाप राहू शकत नव्हता. सुरती यांच्या कथांत बापाच्या मरणाची सल जोवर जागी आहे तोवर बहादुर माणूस वाटतो. पुढे ती विझत गेली आणि तोही इतरांसारखा नवेकोरे बूट घालणारा झाला. स्वतः सुरती मात्र उतारवयात मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्याच्या कामाला लागले. प्लंबरला बरोबर घेऊन रविवारी हिंडण्याचा हा उद्योग त्यांनी 2007 मध्ये सुरू केला. त्याचा त्यांच्या चित्रकथेशी संबंध जोडणे समीक्षेच्या शिस्तीत बसणार नाही. नोंद करून ठेवतो.

आज जुन्या ‘इंद्रजाल’ अंकांच्या संगणकीय प्रती चाहत्यांमध्ये फिरतात. सर्व पाने, क्रमवार, डाग पुसलेली. अभ्यासाला त्या उपयुक्त आहेत आणि या लेखासाठी मीही त्या वापरल्या आहेत. माझ्याजवळच्या मूळ अंकांपैकी बहुतेकांचे कोपरे गेले आहेत; काहींना आईने गोधडीच्या दोऱ्याने शिवले आहे; काहींवर वाचनालयाचा शिक्का इतका जोरात मारला आहे की त्याखालचा चेहरा दिसत नाही. मुलुंडला रद्दीत घेतलेल्या एका अंकाची शेवटची दोन पाने नाहीत. माझ्याआधीच्या कोणा वाचकाने उरलेल्या अखेरच्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने शेवट लिहून ठेवला आहे : वेताळाच्या पायात गोळी लागते, गुरान पाला लावतो, तो लंगडत गुहेत जातो. वीस वर्षांनी मला त्या अंकाची संपूर्ण प्रत पाहायला मिळाली. तीत वेताळाला खरचटतसुद्धा नाही.